कुबरनेटिसवर मॉनिटरिंग एजंट: स्वतःचं प्रोमिथिअस, विकतचा एजंट की ओपनटेलिमेट्री?

कुबरनेटिसचा क्लस्टर (कंटेनर चालवणाऱ्या मशीनचा गट) उभा राहिला, ॲप चढलं, आणि आता मीटिंगमध्ये कुणीतरी विचारतंय, "मॉनिटरिंगचं काय?" यावर बहुतेक टीम एजंटच्या (मोजमाप गोळा करून पाठवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) नावावरून वाद घालत बसतात. एजंट बसवायला फारसं काही लागत नाही. हेल्मच्या (कुबरनेटिसचा पॅकेज मॅनेजर, त्याचं पॅकेज म्हणजे चार्ट) एक-दोन कमांड चालवल्या की थोड्या वेळात पॉड (कंटेनरचे गठ्ठे) उभे. घोडं अडतं ते पुढे: डेटा कुठे साठतो, डिस्क भरली की रात्री कोण उठतं आणि बिल कशावर लागतं. म्हणून इथे इन्स्टॉलच्या पायऱ्या कमी आणि त्यानंतर गळ्यात काय पडतं ते जास्त.

तुलनेला तीन पर्याय घेतलेत. एक, क्यूब-प्रोमिथिअस-स्टॅक हा हेल्म चार्ट, ज्यात मेट्रिक (मोजमापं) साठवणारा प्रोमिथिअस, डॅशबोर्ड दाखवणारा ग्राफाना आणि अलर्ट पाठवणारा अलर्टमॅनेजर एका झटक्यात येतात. दोन, विकतच्या सेवेचा एजंट. उदाहरण म्हणून डेटाडॉग. न्यू रेलिक किंवा डायनाट्रेसचे तपशील वेगळे असले तरी सौदा तोच: एजंट तुमच्याकडे, डेटा त्यांच्याकडे. तीन, ओपनटेलिमेट्री कलेक्टर, जो फक्त गोळा करून पुढे पाठवतो. साठवायचं कुठे ते तुम्ही ठरवायचं. ग्राफानाचा अलॉय याच तिसऱ्या गटात धरा. जुने लेख अजून ग्राफाना एजंट बसवायला सांगतात. तो १ नोव्हेंबर २०२५ ला निवृत्त झाला, त्यामुळे नव्या क्लस्टरवर त्याच्या वाटेला जाऊ नका.

रचना तीच, मेहनत वेगळी

कुबरनेटिसमध्ये माहिती दोन ठिकाणांहून येते. प्रत्येक नोडवरच्या (म्हणजे क्लस्टरमधल्या मशीनवरच्या) क्युबलेटकडून (तिथले पॉड चालवणारा प्रोग्रॅम, पोर्ट १०२५०, त्यातच कंटेनरचा सीपीयू-मेमरी मोजणारा सीॲडव्हायझर असतो) आणि एपीआय सर्व्हरकडून, म्हणजे किती पॉड पेंडिंग आहेत, कुठल्या डिप्लॉयमेंटचे रेप्लिका (पॉडच्या प्रती) कमी पडलेत वगैरे. पहिल्यासाठी दर नोडमागे एक पॉड, म्हणजे डीमनसेट, हा रूढ मार्ग. दुसऱ्यासाठी अख्ख्या क्लस्टरमागे एकच पॉड पुरतो.

| | क्यूब-प्रोमिथिअस-स्टॅक | डेटाडॉग | ओपनटेलिमेट्री कलेक्टर |
|---|---|---|---|
| नोडवर | नोड-एक्स्पोर्टर | नोड एजंट | डीमनसेट मोडमधला कलेक्टर |
| क्लस्टरभर | क्यूब-स्टेट-मेट्रिक्स | क्लस्टर एजंट | एका रेप्लिकाचा दुसरा कलेक्टर |
| डॅशबोर्ड, अलर्ट | तयार येतात | तयार येतात | नाहीत |
| डेटा | तुमच्या डिस्कवर | त्यांच्याकडे | तुम्ही सांगाल तिथे |

तिसऱ्या रकान्यात एक खाच आहे. पहिले दोन चार्ट दोन्ही कामं आपोआप वाटून घेतात. कलेक्टरचा मूळ चार्ट मात्र तुम्हाला दोनदा बसवावा लागतो, दोन वेगळ्या व्हॅल्यूज (सेटिंगच्या) फाइल देऊन. तो त्रास वाचवायला क्लस्टरची माहिती घेणारा रिसीव्हरही (कलेक्टरचा माहिती ओढणारा भाग) डीमनसेटमध्येच घातलात, तर दहा नोडचे दहा कलेक्टर तीच माहिती दहादा पाठवतील. डॅशबोर्डवर बेरीज लावली की पॉडची संख्या दसपट, आणि साठवणीचा खर्चही त्याच पटीत.

पहिल्या दिवशी काय अडतं

सगळ्यात फसवं प्रकरण टेंटचं. समजा तुमच्याकडे ८ नोड आहेत, त्यातले ३ जीपीयूचे, आणि इतर पॉड तिथे जाऊ नयेत म्हणून त्यांवर टेंट लावलाय. एजंट बसवला, डीमनसेट पाहिला: डिझायर्ड ५, रेडी ५. सगळं हिरवं. ज्या नोडचा टेंट पॉडला चालत नाही, तो नोड कुबरनेटिस ‘डिझायर्ड’मध्ये मोजतच नाही, त्यामुळे तुमचे सगळ्यात महागडे तीन नोड अंधारात आहेत हे कुणीच सांगत नाही. हा आकडा नेहमी नोडच्या यादीशी ताडून बघा. स्टॅकमधला नोड-एक्स्पोर्टर ‘नोशेड्यूल’ प्रकारचे सगळे टेंट मुळातच चालवून घेतो. डेटाडॉग आणि कलेक्टरच्या चार्टमध्ये टॉलरेशन, म्हणजे टेंट चालवून घ्यायची मुभा, तुम्ही लिहायचं.

दुसरा अडथळा क्युबलेटच्या सर्टिफिकेटचा. क्यूबॲडमिन या टूलने स्वतः उभारलेल्या क्लस्टरवर क्युबलेटचं सर्टिफिकेट सहसा स्वतःच स्वतःला दिलेलं असतं. स्टॅक ते तपासायच्या भानगडीत पडत नाही, म्हणून लगेच चालतो. डेटाडॉग आणि कलेक्टर तपासतात आणि अडतात. मग लोक तपासणी बंद करून मोकळे होतात. स्टेजिंगवर ठीक आहे. प्रॉडक्शनवर क्युबलेटला क्लस्टरच्या सीएकडून (सर्टिफिकेट देणाऱ्या यंत्रणेकडून) सर्टिफिकेट द्यायची सोय एकदाच करून ठेवली की तिन्ही एजंटांचा प्रश्न मिटतो.

तिसरं, पॉड सिक्युरिटी. कुबरनेटिस १.२५ पासून जुनी पॉडसिक्युरिटीपॉलिसी गेली आणि नेमस्पेसवरच्या (क्लस्टरमधल्या कप्प्यावरच्या) लेबलनुसार परवानगी ठरू लागली. नेमस्पेस ‘बेसलाइन’ असेल तर होस्टपाथ आणि होस्टनेटवर्क (नोडच्या फाइली आणि नेटवर्क थेट) वापरणारे पॉड तयारच होत नाहीत. डीमनसेट दिसतो, पॉड शून्य, लॉग बघावा तर बघायला पॉडच नाही. कारण फक्त इव्हेंटमध्ये लिहिलेलं असतं. नोड-एक्स्पोर्टर आणि डेटाडॉग या दोघांना ‘प्रिव्हिलेज्ड’ लेबलचा स्वतंत्र नेमस्पेस द्या. कलेक्टर त्यात सोशिक: नुसते क्युबलेटचे मेट्रिक घेतले आणि होस्टपोर्ट बंद ठेवले तर त्याला एवढे अधिकार लागत नाहीत. पॉडचे लॉग वाचायला लावलेत की होस्टपाथ आलाच.

स्टॅकचे स्वतःचे दोन नखरे वेगळे. ईकेएस किंवा जीकेईवर (ॲमेझॉन आणि गुगलचं तयार कुबरनेटिस) कंट्रोल प्लेन, म्हणजे क्लस्टर चालवणारा भाग, तुमच्या हातात नसतो, तरी चार्ट शेड्यूलर आणि कंट्रोलर मॅनेजर शोधत राहतो आणि ते ‘डाउन’ असल्याचा क्रिटिकल अलर्ट पाठवतो. ते घटक व्हॅल्यूजमध्ये बंद करा. आणि तुमच्या ॲपसाठी सर्व्हिसमॉनिटर (प्रोमिथिअसने कुठून मोजमाप घ्यायचं ते सांगणारी नोंद) लिहूनही टार्गेट दिसत नसेल, तर त्यावर हेल्म रिलीजच्या नावाचं ‘रिलीज’ लेबल नसणार. चार्ट मुळात तेवढेच सर्व्हिसमॉनिटर उचलतो.

साठवण: फुकट ते पौष्टिक?

स्टॅकला लायसन्सचे पैसे पडत नाहीत, पण चार्ट आहे तसा बसवलात तर प्रोमिथिअसला कायमची डिस्कच मिळत नाही. डेटा एम्प्टीडिर या तात्पुरत्या जागेत राहतो, पॉड दुसऱ्या नोडवर गेला की इतिहास साफ. त्यामुळे पीव्हीसी (कायमच्या डिस्कची मागणी) पहिल्याच दिवशी लावा.

डिस्क किती? प्रोमिथिअस एका नोंदीला साधारण १ ते २ बाइट घेतो. २ लाख चालू सिरीज (प्रत्येक मेट्रिक आणि त्याच्या लेबलांची वेगळी जोडी म्हणजे एक सिरीज) आणि दर ३० सेकंदांनी स्क्रेप, म्हणजे मोजमाप ओढणं, धरलं तर दिवसाला सुमारे ५७.६ कोटी नोंदी होतात, म्हणजे २ बाइटने १.१५ जीबी. पंधरा दिवसांचे १७ जीबी. राइट-अहेड लॉग (नव्या नोंदी आधी लिहून ठेवायची फाइल) आणि वाढ धरून ३० जीबी दिलेत तरी क्लाउडच्या बिलात ते शोधून सापडणार नाहीत.

खरी चिंता मेमरीची. ती सिरीजच्या संख्येवर वाढते, आणि एखाद्या डेव्हलपरने मेट्रिकला यूजर आयडीचं लेबल लावलं की सिरीज लाखांनी फुगतात. प्रोमिथिअस ओओएम (मेमरी संपून) होऊन मरतो, उठतो, राइट-अहेड लॉग वाचता वाचता पुन्हा मरतो. हा फेरा तोडणारा माणूस टीममध्ये हवा. शिवाय प्रोमिथिअस त्याच क्लस्टरमध्ये राहतो ज्याची तब्येत तो बघतोय. क्लस्टरच गेला तर अलर्ट कोण पाठवणार? त्यासाठी स्टॅकमध्ये ‘वॉचडॉग’ नावाचा सतत वाजणारा अलर्ट दिलेला आहे. तो बाहेरच्या एखाद्या हार्टबीट सेवेकडे वळवा, म्हणजे वाजायचा थांबला की ती सेवा तुम्हाला उठवेल. कटकट वाटून हाच अलर्ट म्यूट करणारे महाभाग कमी नाहीत.

विकतच्या एजंटचं बिल

डेटाडॉग पहिल्या दिवशी सगळ्यात सुखद. एजंट नोडवरचे कंटेनर ओळखतो, रेडिस किंवा पोस्टग्रेस दिसलं की ऑटोडिस्कव्हरीने त्याची तपासणी जोडतो. क्लस्टर एजंट मध्ये असल्यामुळे प्रत्येक नोड एपीआय सर्व्हरच्या दारात उभा राहत नाही. लॉग, ट्रेस, मेट्रिक एकाच पडद्यावर, आणि डिस्क भरण्याची काळजी त्यांची.

किंमत होस्टमागे लागते, आणि वाचायची ओळ ही: हाय-वॉटरमार्क पद्धतीत दर तासाला होस्ट मोजतात, महिन्यातले सगळ्यात चढे १ टक्का तास वगळतात आणि उरलेल्यातला कमाल आकडा पूर्ण महिन्याला लावतात. महिन्याचे ७२० तास, त्याचा १ टक्का म्हणजे जेमतेम ७ तास. दिवाळीच्या सेलसाठी ऑटोस्केलरने १० चे ४० नोड केले आणि ते दोन दिवस राहिले, तर बिल ४० होस्टचं. म्हणून तीस छोट्या नोडऐवजी दहा मोठे नोड ठेवायचे, असा उलटा विचार लोक करतात. कस्टम मेट्रिकचा हिशोब वेगळा असतो, आणि तुमच्या ॲपचे प्रोमिथिअस एंडपॉइंट एजंटकडून स्क्रेप करून घेतले की ते सहसा कस्टम धरले जातात. यूजर आयडीचं ते लेबल इथे मेमरीऐवजी इन्व्हॉइसमध्ये दिसतं. डोळे पांढरे होतात ते इथे.

डेटा देशाबाहेर जाणार का?

भारतातल्या टीमना हा प्रश्न टाळता येत नाही. केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या, सर्ट-इनच्या, २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सिस्टिमचे लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात. पेमेंट क्षेत्रात असाल तर रिझर्व्ह बँकेचं ६ एप्रिल २०१८ चं परिपत्रक आहे: पेमेंटचा डेटा भारतातच साठवायचा. मेट्रिकमध्ये तो सहसा नसतो, लॉगमध्ये हमखास असतो. डीबगसाठी कुणीतरी अख्खी रिक्वेस्ट छापलेली असते आणि एजंट ती इमानेइतबारे परदेशी पाठवतो.

कलेक्टर इथे दोघांच्या पुढे आहे. क्लस्टरच्या आतच मजकूर गाळता येतो, आणि तोच प्रवाह दोन ठिकाणी पाठवता येतो: गाळलेला विकतच्या सेवेकडे, पूर्ण लॉग ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमधल्या एस-थ्री बकेटमध्ये (क्लाउडवरच्या साठवणीत). डेटाडॉगच्या एजंटमध्येही मास्किंगचे नियम आहेत आणि तिथूनही तुमच्या बकेटमध्ये आर्काइव्ह करता येतं. पण आर्काइव्ह होण्याआधी मजकूर त्यांच्याकडे पोचलेला असतो. स्टॅकमध्ये लॉग मुळात येतच नाहीत. त्यासाठी ग्राफानाचा लॉग साठवणारा लोकी वेगळा बसवायचा, म्हणजे आणखी एक गोष्ट सांभाळायची.

नोड तुमचे नसतील तर

ईकेएस फारगेटवर (जिथे नोड ॲमेझॉन सांभाळतं) डीमनसेट चालत नाही. एजंट प्रत्येक पॉडमध्ये साइडकार (सोबतचा कंटेनर) म्हणून घालावा लागतो. जीकेई ऑटोपायलटवर (जिथे नोड गुगल सांभाळतं) डीमनसेट चालतो, पण प्रिव्हिलेज्ड पॉड आणि बहुतेक होस्टपाथ अडवले जातात. डेटाडॉगसारख्या काही भागीदारांना गुगलने मुभा दिलेली आहे. स्टॅकमधला नोड-एक्स्पोर्टर तिथे बंद करून गुगलचं स्वतःचं मॅनेज्ड प्रोमिथिअस वापरणं सोपं.

अपग्रेड

हेल्म सीआरडी (कुबरनेटिसला नवे प्रकार शिकवणाऱ्या व्याख्या, उदाहरणार्थ सर्व्हिसमॉनिटर) पहिल्यांदा बसवतो, नंतर अपग्रेडमध्ये त्यांना हात लावत नाही. स्टॅकच्या मोठ्या आवृत्तीला त्या हाताने लावायच्या, तेही सर्व्हर-साइड अप्लाय करून, कारण प्रोमिथिअस ऑपरेटरच्या सीआरडी इतक्या लांब आहेत की साध्या अप्लायमध्ये ॲनोटेशनची २५६ केबीची मर्यादा ओलांडतात. कलेक्टरमध्ये वेगळीच गंमत: घटक अजून पक्के होतायत, त्यामुळे मेट्रिकची नावं बदलतात. क्युबलेटच्या सीपीयू मेट्रिकचं ‘युटिलायझेशन’ जाऊन ‘युसेज’ झालं तेव्हा जुन्या नावावर बांधलेले अलर्ट मुके झाले असते, आणि मुका अलर्ट कुणाला दिसत नाही. या बाबतीत डेटाडॉग निश्चिंत.

मग कुणी काय घ्यावं

एक-दोन क्लस्टर, वीसेक नोड, आणि कुबरनेटिस जाणणारं किमान एक माणूस असेल तर मी डोळे झाकून क्यूब-प्रोमिथिअस-स्टॅक सांगेन. पीव्हीसी, वॉचडॉग आणि दर आवृत्तीला सीआरडी एवढं सांभाळलं की तो वर्षानुवर्षं चालतो.

चार-पाच डेव्हलपरची टीम, ऑन-कॉलला वेगळं कुणी नाही, आणि नोडची संख्या स्थिर असेल तर विकतचा एजंट महाग वाटला तरी परवडतो. प्रोमिथिअस सांभाळण्यात जाणारा इंजिनिअरचा वेळही फुकट नसतो. नोड सतत वर-खाली होत असतील तर करार करताना बिलाची पद्धत आधी बोलून घ्या.

नुसत्या कलेक्टरने सुरुवात करू नका, कारण पहिला डॅशबोर्ड दिसेपर्यंत टीमचा उत्साह मावळतो. पण क्लस्टर अनेक असतील, लॉग गाळावे लागणार असतील किंवा वर्षभरात सेवा बदलायची शक्यता असेल, तर ॲपमधलं इन्स्ट्रुमेंटेशन (मोजमाप बाहेर देणारा कोड) आजच ओपनटेलिमेट्रीत करा. प्रोमिथिअस ३.० पासून, म्हणजे नोव्हेंबर २०२४ पासून, ओटीएलपी (ओपनटेलिमेट्रीचा प्रोटोकॉल) मेट्रिक सरळ घेतो आणि डेटाडॉगचा एजंटही घेतो. मागची सेवा बदलली तरी कोड तसाच राहतो.

ठरत नसेल तर स्टेजिंगवर दोन एजंट शेजारी-शेजारी बसवून बघा, फक्त पोर्ट आधी तपासा. नोड-एक्स्पोर्टर होस्टचं ९१०० पोर्ट धरतो. आधीच एक असेल तर दुसऱ्याचे पॉड पेंडिंगमध्ये अडकतात. तसंच ओटीएलपीच्या ४३१७ पोर्टसाठी कलेक्टर आणि ओटीएलपी चालू केलेला डेटाडॉग एजंट भांडतात. दोन्ही हिरवे झाले की एक नोड ड्रेन (रिकामा) करा, एका पॉडला मुद्दाम मेमरी कमी द्या, आणि ओओएमची खबर आधी कोणाकडून येते ते बघा.