‘दोन्ही बेटं धरून ठेवा’ म्हणाली, आणि २,२८५ युरो गेले

सुट्टीला ग्रीसमधलं सँटोरिनी की स्पेनच्या कॅनरी बेटांतलं लँझारोटे, या एका प्रश्नापायी आमचे २,२८५ युरो बुडाले. आकडा मुद्दाम लिहितेय. फसलेली माणसं लाजेनं आकडा सांगत नाहीत आणि या टोळ्यांचं त्यामुळेच फावतं.

दोन्ही बेटं ज्वालामुखीची, पण तोंडवळा अगदी वेगळा. सँटोरिनीत समुद्रानं भरलेलं प्रचंड विवर आणि त्याच्या कड्यावर पांढरी घरं. लँझारोटेत १७३० ते १७३६ अशी सहा वर्षं चाललेल्या उद्रेकांनी केलेलं काळं रान, राखेत खड्डे खणून लावलेले द्राक्षवेल. मला सँटोरिनी हवं होतं, ह्यांना लँझारोटे. त्यातच २०२५ च्या फेब्रुवारीत सँटोरिनीजवळ हजारो भूकंप झाले, ११,००० हून अधिक लोक बेट सोडून गेले, आणीबाणी जाहीर झाली. जूनमध्ये जावं की नाही, काही ठरेना.

एजंट बाईनं नेमकं तेच हेरलं. “मॅडम, आत्ता ठरवूच नका. दोन्हीकडची घरं धरून ठेवा. धक्के थांबले तर सँटोरिनी, नाहीतर लँझारोटे. जे सोडाल त्याचे पैसे पूर्ण परत.” लोक घाबरून बुकिंग रद्द करतायत म्हणून भाव थोडे उतरलेत, असंही म्हणाली. बातम्या बघणाऱ्या कुणालाही ते पटलं असतं. सँटोरिनीचे १,१४० युरो, लँझारोटेचे ८६०. आधी वेबसाइटवर चौकशी, मग व्हॉट्सअ‍ॅप, मग थेट बँक ट्रान्स्फर. हा रस्ता तुम्हाला माहीतच आहे.

आता तो फोटो. सँटोरिनीच्या घराची गच्ची, खाली विवर, त्यात मावळणारा सूर्य. आणि पत्ता कामारीचा! कामारी बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. तिथं काळ्या वाळूची चौपाटी आहे आणि सूर्य समुद्रातून उगवतो. विवर पश्चिमेला, मध्ये डोंगर. त्या गच्चीवरून तो सूर्यास्त दिसणं शक्यच नाही. मी नकाशा उघडला होता हो! विमानतळ किती जवळ आहे ते पाहिलं, चौपाटी पाहिली. फक्त फोटो आणि नकाशा शेजारी शेजारी ठेवून पाहिले नाहीत. आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. पण फोटोतला सूर्य कुठल्या दिशेला आहे हे घर शोधताना कोण तपासतं? करारपत्र होतं, शिक्का होता, आधीच्या पाहुण्यांचे अभिप्राय होते. भावही फुकटात मिळाल्यासारखा नव्हता. आम्ही हावरटपणा केला असं कुणी म्हणू नये.

आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय बँक खाते क्रमांक, नीट वाचा. ग्रीसमधल्या खात्याचा ‘जीआर’नं सुरू होतो, स्पेनमधल्याचा ‘ईएस’नं. आम्हाला दोन्ही घरांसाठी एकच खातं दिलं, ‘एलटी’चं, म्हणजे लिथुआनियाचं. विचारलं तर उत्तर तयार: “ते आमच्या कंपनीचं मुख्य खातं.”

मार्चमध्ये धक्के ओसरले. आम्ही लँझारोटे सोडलं आणि ८६० परत मागितले. तर म्हणे, आधी २८५ युरो प्रक्रिया शुल्क भरा, तेही परत मिळेल. भरले. मग ‘कर मंजुरी’चे १९० मागितले, तिथं ह्यांनी ठाम नकार दिला. दुसऱ्या दिवशी नंबर बंद. सँटोरिनीचं घरही नव्हतंच. पैसे परत देण्यासाठी जो आधी पैसे मागतो, त्याला एक छदामही देऊ नका.

मग सुरू झाली खरी परवड. बँक म्हणाली, “व्यवहार तुम्हीच मंजूर केलात.” अहो, खोटं सांगून मंजूर करून घेतला, तीच तर तक्रार आहे! समोरच्या बँकेकडे पैसे परत मागवा म्हटलं, तर अर्ज घेतला आणि पुढं काय झालं हे सांगायला कुणाला वेळ नाही. पोलीस म्हणाले, गुन्हा परदेशात घडलाय, तिकडे तक्रार करा. तिकडे ई-मेल केला तर उत्तर आलं, तुमच्या देशातल्या पोलिसांमार्फत या. वेबसाइटवाल्यांनी दोन ओळींत विषय संपवला: पैसे आमच्यामार्फत भरले नाहीत, जबाबदारी आमची नाही. मग ती जाहिरात कुणाच्या पानावर होती? प्रत्येक ठिकाणी तीच हकीकत, तेच स्क्रीनशॉट, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर ‘एवढं कसं कळलं नाही’ असा भाव. चोराइतकाच तो भाव मला सलतो.

ग्रीसमध्ये अल्पकाळ भाड्यानं द्यायच्या घराच्या जाहिरातीत ‘एएमए’ हा नोंदणी क्रमांक द्यावाच लागतो. कॅनरी बेटांवर सुट्टीच्या घरांचा क्रमांक ‘व्हीव्ही’नं सुरू होतो. आधी तो मागा. टाळाटाळ झाली की फोन ठेवा. आणि पैसे गेलेच, तर त्याच तासाला बँकेला कळवा. ‘उद्या बघू’ म्हणालात तर हाती काही लागत नाही.

आता ‘तुमची बुडालेली रक्कम मिळवून देतो, शुल्क फक्त १५० युरो’ असा मेल आलाय. त्यात आमची २,२८५ ही रक्कम बरोबर लिहिलेली आहे. म्हणजे हीही त्याच टोळीची माणसं, किंवा त्यांच्याकडून आमची माहिती विकत घेतलेली. तो मेल तक्रारीला जोडायला नेला, तर त्यासाठी वेगळा अर्ज द्या म्हणाले.