ऑफिसच्या प्रवासासाठी कॉर्पोरेट ट्रॅव्हल कंपनी लावताय? डिस्काउंट सोडा, जीएसटीचं विचारा (काही महिने वापरून)

आमची अंधेरी एमआयडीसीत छोटी इंजिनीअरिंग फर्म आहे, सर्व्हिसची पोरं कायम फिरतीवर, आज चेन्नई तर परवा जामनगर. आधी पार्ल्यातले एक एजंट काका होते, व्हॉट्सअ‍ॅप टाकला की तिकीट हजर, पण महिनाअखेरचं बिल बघून अकाउंट्सवाल्या मॅडम डोक्याला हात लावायच्या. म्हणून गेल्या पावसाळ्यात एका कॉर्पोरेट ट्रॅव्हल कंपनीकडे (कंपन्यांची तिकिटं-हॉटेलं बुक करणारी) गेलो, नाव लिहीत नाही.

डेमोत सगळे डिस्काउंटच दाखवतात. प्रत्यक्षात कॉर्पोरेट फेअर कधीकधी साध्या तिकिटापेक्षा महागच दिसतं, पण त्यात जेवण, सीट असते आणि तारीख बदलायला कमी पैसे लागतात. आमचे क्लायंट शटडाउनची (कामासाठी प्लांट बंद ठेवायची) तारीख आदल्या दिवशी बदलतात, त्यामुळे आम्हाला तेच परवडतं.

खरी कमाई जीएसटीत. इकॉनॉमीच्या तिकिटावर 5 टक्के जीएसटी असतो, पण त्याचं क्रेडिट (म्हणजे तो टॅक्स आपल्या भरायच्या जीएसटीतून वजा करणं) मिळायला बुकिंग करतानाच कंपनीचा जीएसटी नंबर टाकावा लागतो आणि इन्व्हॉइस एअरलाइनचा लागतो, एजंटच्या बिलावर फक्त त्याच्या फीचा टॅक्स असतो हे कित्येकांना माहीतच नसतं. पोरं स्वतःच्या अ‍ॅपवरून तिकीट काढायची, नंबर कोण टाकतोय! आता नंबर सिस्टीममध्येच फिक्स आहे, इन्व्हॉइस आपोआप येतात, जीएसटी पोर्टलवरच्या 2बी शी (आपल्या नंबरवर आलेल्या बिलांची यादी) जुळवून मिळतात. एवढ्या एका गोष्टीसाठी मी यांना पूर्ण मार्क देईन.

हॉटेलच्या जीएसटीचं मात्र सेल्सवाल्याचं ऐकू नका. हॉटेल चेन्नईत असेल तर टॅक्स तामिळनाडूचा लागतो, आपलं रजिस्ट्रेशन फक्त महाराष्ट्रातलं असेल तर क्रेडिट शून्य. तसंही 22 सप्टेंबर 2025 पासून 7,500 पर्यंतच्या रूमवर 12 चा 5 टक्के झालाय, आमच्या बजेटच्या रूममध्ये वाचवण्यासारखं राहिलंय काय.

ट्रेनला यांचा उपयोग नाही. जुलै 2025 पासून तत्काळ सुरू झाल्यावर पहिली 30 मिनिटं एजंटना बुकिंगच करता येत नाही, एसीचं 10 ला उघडतं, साडेदहापर्यंत नागपूरच्या गाडीत उरतंय काय? पोरांची आयआरसीटीसी खाती आधारशी जोडून घेतली, आपली आपण काढतात.

अप्रूव्हलचा पण वैताग होता. साहेब साइटवर, फोन बंद, तोवर भाडं वर. मग लिमिटच्या आतल्या तिकिटाला अप्रूव्हल नको असं सेटिंग करून घेतलं, त्यासाठी सुद्धा चार वेळा मेल करावे लागले.

डिसेंबर 2025 मध्ये पायलटच्या ड्युटीच्या नवीन नियमांवरून देशभर विमानं धडाधड रद्द झाली तेव्हा यांची 24 तासवाली हेल्पलाइन नुसतं म्युझिक ऐकवत होती. एक पोरगा बेंगळुरूला अडकला, शेवटी त्याच काकांनी रात्री बसचं तिकीट काढून दिलं 😄 रिफंड आला, पण बँकेत नाही, यांच्या वॉलेटमध्ये! करारात बारीक अक्षरात होतं म्हणे.

आणि नवी मुंबईचं विमानतळ सुरू झाल्यापासून 'मुंबई' टाकलं की दोन्हीकडची विमानं एकत्र दिसतात. पनवेलवाले खूश, बोरिवलीवाल्याने मात्र स्वस्त बघून तिकडचंच काढलं आणि टॅक्सीत सगळं घालवलं.

मार्चमध्ये रिन्यूअल आहे. रिफंड बँकेत आणि रात्री फोन उचलणाऱ्या माणसाचा नंबर, दोन्ही लेखी मागितलंय. दिलं तर विमानाची तिकिटं यांच्याकडेच ठेवू, हॉटेलं परत काकांकडे.