ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा वेगळा ऑईल कूलर: एक वर्ष ट्रेलर ओढल्यानंतर

माझ्या ट्रेलरमध्ये दोन घोडे असतात. एकेक पाचशे किलोचा, रिकामा ट्रेलर नऊशेचा, वर चारा, खोगिरं आणि पाण्याचे कॅन. म्हणजे गाडीमागे दोन टन. माझ्या गाडीला एवढं ओढायची परवानगी कंपनीनेच दिलेली आहे, त्यामुळे मी निर्धास्त होते. मग एका लांब चढावर, भर उन्हात, गिअरबॉक्सच्या तापमानाचा दिवा लागला. गाडी कडेला घेतली, न्यूट्रलला टाकली आणि इंजिन चालूच ठेवलं, म्हणजे ऑईल फिरत राहून निवेल. मागे घोडे घामेजून पाय आपटत होते. ती वीस मिनिटं मी विसरणार नाही.

नंतर मेकॅनिकने ऑईल काढलं. मूळचं लालभडक ऑईल तपकिरी झालं होतं आणि त्याला करपल्यासारखा वास येत होता. ऑईल बदललं, आणि सोबत प्लेटवाल्या प्रकारचा वेगळा कूलर बसवून घेतला. हा रिव्ह्यू त्या किटचा.

आधी, गरज का पडली ते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनची ताकद ऑईलमार्फत पुढे जाते. ओझं जास्त आणि वेग कमी असला की आतली चाकं एकमेकांमागे घसरतात, आणि त्या घसरण्याची सगळी उष्णता ऑईल पितं. ते थंड करायला कंपनीने रेडिएटरमध्येच छोटा कूलर दिलेला असतो. पण तिथे ऑईल ज्या पाण्यात थंड व्हायचं, ते पाणीच नव्वद अंशांचं. चढावर ते आणखी तापतं. त्याच्याखाली ऑईल जाणार कसं? वाऱ्यावर चालणारा कूलर इथे कामाला येतो.

फरक किती पडला? गाडीच्या पोर्टला लावायचा छोटा रीडर माझ्याकडे आहे, तो ऑईलचं तापमान मोबाईलवर दाखवतो. त्याच चढावर, तेवढंच वजन घेऊन, पूर्वी काटा १२१ पर्यंत गेला होता. आता १०१ च्या वर गेलेला नाही. सपाट रस्त्यावर पूर्वी ९२ असायचं, आता ८२-८३. ऑईल जितकं तापतं तितकं लवकर खराब होतं. मेकॅनिक मंडळींचा जुना हिशोब असा की साधारण दर अकरा अंशांना आयुष्य निम्मं होतं. तो हिशोब अगदी काटेकोर नसेल, पण वीस अंशांचा फरक माझ्यासाठी फार मोठा आहे.

आता तक्रार. किटमध्ये कूलर अडकवायला नायलॉनच्या काड्या दिल्या होत्या, ज्या थेट एसीच्या कंडेन्सरच्या जाळीतून आरपार घालायच्या. हे मला अजिबात पटलं नाही. गाडी हादरते, काडी घासते, जाळीच्या पात्या दुमडतात आणि पुढेमागे नळीला भोक पडू शकतं. मेकॅनिकने पट्टीचे दोन तुकडे कापून, भोकं पाडून कूलर वरच्या आडव्या पत्र्याला बोल्टने बसवला. मागे बोटभर फट सोडली. किट बनवणाऱ्यांनी असे ब्रॅकेट द्यायला हवे होते.

जोडणीबद्दल आग्रहाने सांगते: रेडिएटरचा कूलर काढून टाकू नका. ऑईल आधी रेडिएटरमधून, मग नव्या कूलरमधून आणि तिथून गिअरबॉक्सला परत. थंडीत सकाळी हाच रेडिएटर ऑईल गरम करायला मदत करतो, आणि गार घट्ट ऑईलवर ओझं ओढणंही वाईटच. परतीची नळी कोणती, हे अंदाजाने ठरवू नका. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. होज गिअरबॉक्सच्या ऑईलसाठीचाच घ्या. कूलरमध्ये जादा ऑईल मावतं, म्हणून पातळी पुन्हा मॅन्युअलप्रमाणे तपासावी लागते. माझ्या गाडीत अर्ध्या लिटरच्या आसपास भर घालावी लागली.

एसी जागेवर उभ्या गाडीत किंचित कमी पडतो, कारण कूलर कंडेन्सरच्या पुढे आहे. गाडी चालू लागली की काही जाणवत नाही.

आणि कूलर असला तरी चढावर मी टो मोड (ओझं ओढताना गिअर उगाच वरखाली होऊ न देणारी गाडीतली सोय) लावते, किंवा गिअर हाताने खाली ठेवते. गिअर सारखा वरखाली होत राहिला की कन्व्हर्टरचं लॉकअप, म्हणजे आतली चाकं एकमेकांना थेट जोडून ठेवणारी पकड, सुटतं आणि घसरण पुन्हा सुरू. आरपीएम थोडं चढं राहिलं तरी चालेल, लॉकअप टिकलं पाहिजे. रीडरवर हे डोळ्यांनी दिसतं: लॉकअप सुटलं की दोन-तीन मिनिटांत तापमान चढायला लागतं.

पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर सगळे क्लॅम्प हाताने चाचपले. एक होज बोटाला ओलसर लागला, क्लॅम्प अर्धा फेरा आवळला. त्यानंतर पुठ्ठा खाली ठेवून रात्रभर गाडी उभी केली. सकाळी पुठ्ठा कोरडा होता.