मोक्का-एनडीपीएसची जोड-पुस्तिका: घेण्याआधी कोणती पानं उघडावीत

मोक्का (महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) आणि एनडीपीएस (अमली पदार्थांविषयीचा केंद्रीय कायदा) एकाच बांधणीत देणारी ही छोटी मराठी पुस्तिका खिशात मावते, टाइपही ठसठशीत आहे. दुकानात मात्र जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी-शेजारी असते आणि मुखपृष्ठं सारखीच. म्हणून आधी मोक्काचं कलम 2 उघडा. जुलै 2025 मध्ये विधिमंडळानं मंजूर केलेल्या दुरुस्तीनं संघटित गुन्हेगारीच्या व्याख्येत अमली पदार्थांचं उत्पादन, विक्री आणि वाहतूक आली. ती ओळ नसेल तर प्रत परत ठेवा.

नव्या आवृत्तीत दुरुस्ती जागच्या जागी छापली आहे, हे उत्तम. टिपा मात्र अपुऱ्या आहेत. ‘आता जामीन कठीण’ एवढंच लिहून भागत नाही. व्यावसायिक प्रमाणाला, म्हणजे कायद्यानं ठरवलेल्या मोठ्या वजनाच्या मालाला, जामीन कठीण करणारं एनडीपीएसचं कलम 37 आधीपासून लागतंच, दोषारोपपत्रालाही 180 दिवस मिळतात. खरा फरक अल्प आणि व्यावसायिक यांच्या मधल्या प्रमाणात पडतो. तिथे कलम 37 लागत नाही, पण मोक्काचं तसंच जामिनाचं कडक कलम 21(4) लागू शकतं. दुसरा फरक कबुलीजबाबाचा: एनडीपीएसखालच्या तपास अधिकाऱ्यासमोरची कबुली सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या तोफान सिंग निकालानंतर पुरावा म्हणून चालत नाही, मोक्काच्या कलम 18 खाली मात्र एसपी (पोलीस अधीक्षक) किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरची चालते. हे एका पानात मावलं असतं.

शेवटचा प्रमाणतक्ता हा पुस्तिकेचा जीव. गांजा 1 किलो आणि 20 किलो, चरस 100 ग्रॅम आणि 1 किलो, हेरॉइन 5 आणि 250 ग्रॅम. अल्प आणि व्यावसायिक असे दोन्ही आकडे बरोबर आहेत. चूक वाचणाऱ्याकडून होते. बोलण्यातला ‘एमडी’ म्हणजे मेफेड्रोन: 2 आणि 50 ग्रॅम. घाईत नजर एमडीएमए या वेगळ्याच पदार्थाच्या ओळीवर गेली, तर तिथे अर्धा आणि 10 ग्रॅम आहे. वीस ग्रॅम एमडीचा माल मग व्यावसायिक ठरवला जातो आणि जामीनअर्जाचा पायाच चुकतो. तक्त्यात बोलीतलं नाव दिलं असतं तर हे टळलं असतं.

मोक्काच्या कलम 23 वर खूण करून ठेवा. मोक्का लावायला डीआयजींची (पोलीस उपमहानिरीक्षक) पूर्वमंजुरी, तपास डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) किंवा वरच्या दर्जाचा, न्यायालयानं दखल घ्यायला अपर पोलीस महासंचालकांची मंजुरी. शिवाय 2(1)(ड) प्रमाणे मागच्या दहा वर्षांत एकाहून अधिक दोषारोपपत्रं लागतात, तीही तीन वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत. अल्प प्रमाणाला कमाल एक वर्ष, त्यामुळे ती प्रकरणं मोजत नाहीत. पुस्तिकेत हे कलम आहे, पण तळटीप नाही.