दोन क्लेम, खंडित पॉलिसी आणि नव्या विम्याचे आठ महिने

घाटंजी तालुक्यातील आमच्या गावाकडे येणाऱ्या रस्त्यावर रात्री रोही (नीलगायी) आडवे येतात, हे ठाऊक असूनही मागच्या वर्षी एक रोही थेट बोनेटवर आला आणि त्यानंतर चारच महिन्यांनी, मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेल्या कापसाच्या ट्रॉलीला माझी गाडी घासली. एका वर्षात दोन क्लेम झाले. पुढे सोयाबीनच्या सोंगणीत नूतनीकरणाची तारीख निघून गेली आणि तेवीस दिवस गाडी विम्याविना राहिली. विमा कंपन्यांच्या दृष्टीने मी जोखमीचा ग्राहक ठरलो. एका कंपनीने तर स्वतःच्या गाडीचे नुकसानही भरून देणारी सर्वसमावेशक पॉलिसी नाकारून फक्त थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे इतरांच्या झालेल्या नुकसानीपुरता विमा, घेण्यास सांगितले.

या तेवीस दिवसांची आठवण मला आजही अस्वस्थ करते. मोटार वाहन कायद्यानुसार थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि तो नसताना पहिल्यांदा पकडले गेल्यास 2,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. परंतु खरी भीती दंडाची नव्हे, कारण त्या काळात कोणी माझ्या गाडीखाली आले असते तर भरपाईपोटी वावर विकावे लागले असते.

खंड पडल्यामुळे नव्या कंपनीने गाडीची तपासणी मागितली. चारही बाजू, चॅसिस क्रमांक आणि किलोमीटरचा काटा यांचा व्हिडिओ मोबाईलवरून पाठवायचा होता. गावात नेटवर्क नसल्याने तो तीनदा अर्ध्यावर तुटला आणि शेवटी तालुक्याच्या बसस्थानकासमोर गाडी उभी करून पाठवावा लागला.

खर्चाबाबत माझा मोठा गैरसमज होता. थर्ड पार्टीचा हप्ता चालकाचा इतिहास पाहून वाढत नाही. तो सरकार ठरवते आणि माझ्या 1197 सीसी गाडीला तो पूर्वीइतकाच, म्हणजे 3,416 रुपये लागला. वाढला तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग. पूर्वी 35 टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, वजा जाऊन तो 4,485 रुपये होता; क्लेममुळे बोनस शून्य झाल्यावर आणि कंपनीने सवलतही कमी केल्यावर 9,400 झाला. पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण आणि 18 टक्के जीएसटी धरून एकूण 15,512 रुपये भरले. आधीच्या वर्षी 9,713 भरले होते.

फेब्रुवारीत एका बंडीचे (बैलगाडीचे) जू लागून पुढचा बंपर फुटला. बंपर 4,600 आणि मजुरी 900. झीरो डेप, म्हणजे सुट्या भागांची घट न धरता भरपाई देणारे जादा संरक्षण, न घेतल्यामुळे प्लास्टिकच्या भागावर निम्मी घट लागते, शिवाय प्रत्येक क्लेममागे 1,000 रुपये सक्तीने वजा होतात. म्हणजे हाती 2,200 आले असते. उलट क्लेम न केल्यास पुढच्या वर्षी 20 टक्के बोनस मिळेल, जो याच दराने जीएसटीसह 2,218 रुपयांचा होतो. मी बंपर स्वतःच्या पैशाने बदलला आणि त्या निर्णयाबद्दल समाधानी आहे.

रस्त्यावरील मदतीची सेवा मात्र निराशाजनक ठरली. बॅटरी उतरली तेव्हा मदतीची गाडी यवतमाळहून यायला तीन तास लागले, आणि कॅशलेस गॅरेजही, म्हणजे जिथे दुरुस्तीचे बिल कंपनी परस्पर भरते ते, यवतमाळलाच आहे. एवढी उणीव सोडली तर मी ही पॉलिसी चालू ठेवणार आहे. नूतनीकरणाची तारीख पेरणीच्या वहीत बियाण्याच्या हिशेबाशेजारी लिहिली असून, सोंगणी सुरू होण्याआधीच हप्ता भरण्याचे ठरवले आहे.