तीन बैठकांचं गॅप इयर समुपदेशन: मधली तेवढी घ्या

शाळा संपल्या संपल्या कॉलेजात जाऊन बसायचं अगदी जिवावर आलं होतं. वर्षभर थांबायचं ठरवलं आणि आईच्या जिवाला शांतता म्हणून ही ऑनलाइन सेवा घेतली. तासातासाच्या तीन बैठका.

पहिली वाया. 80 प्रश्नांची स्वभावचाचणी भरून घेतली आणि निष्कर्ष काय, तर 'तुम्हाला माणसांत रमायला आवडतं.' त्या आठवड्यात मी खोलीबाहेरसुद्धा पडले नव्हते.

दुसऱ्या बैठकीला वेगळ्या बाई होत्या. पहिलाच प्रश्न, "प्रवेश हातात आहे का?" माझा बेत असा, की वर्षभर मोकळं राहायचं आणि मग अर्ज करायचे. बाईंनी तो उलटा केला. अर्ज आत्ताच कर, जागा मिळाली की प्रवेश वर्षभर पुढे ढकलायची परवानगी माग. याला डेफरल म्हणतात. हार्वर्ड तर निवड झालेल्यांना अशा वर्षाचा विचार करा म्हणून स्वतःहून सुचवतं. ब्रिटनमध्ये यूकॅसच्या, म्हणजे तिथल्या विद्यापीठांच्या सामायिक प्रवेशसेवेच्या, अर्जातच पुढच्या वर्षीचा प्रवेश निवडता येतो. पण सगळीकडे होकार मिळतोच असं नाही, म्हणून बाईंनी मला बैठक चालू असतानाच कॉलेजला ईमेल करायला लावला. त्यात एक प्रश्न त्यांचा होता: शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी टिकेल का? उत्तर आलं, नाही, पुन्हा अर्ज करा. मला एकटीला हे विचारायचं सुचलंच नसतं. शिफारसपत्रंही शिक्षक मला विसरायच्या आत घ्यायला लावली. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल 2 वर्षं चालतो, त्यामुळे तेवढी परीक्षा तरी पुन्हा द्यायला नको.

तिसरी बैठक म्हणजे निव्वळ विक्री. चार आठवडे कुठेतरी लांब जाऊन मुलांना शिकवायचं आणि वर पैसे आपणच भरायचे. पाचव्या आठवड्यात त्यांना कोण शिकवणार, असं विचारलं तर म्हणे 'पुढची तुकडी'.

मी शेवटी वूफची, म्हणजे सेंद्रिय शेतं आणि तिथे काम करू इच्छिणारे यांना जोडणाऱ्या संघटनेची, सभासद होऊन एका शेतावर गेले. 1971 साली लंडनमधल्या एका सेक्रेटरी बाईंनी शनिवार-रविवार शेतावर काढता यावेत म्हणून हे सुरू केलं. काम करायचं, राहणं-जेवण मिळतं, पगार नाही. तण उपटून कंबर मोडते, ते वेगळं. समुपदेशकांच्या यादीत वूफचं नावही नव्हतं. कमिशन मिळत नसावं.

फक्त दुसरी बैठक घेता येते का, ते आधीच विचारा. मी तिसरीचे पैसे परत मागितले होते. अजून उत्तर नाही.