‘सिरॅमिक’ म्हणून घेतलेलं काळं घड्याळ

नाना जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले तेव्हा त्यांच्यासाठी काळं घड्याळ घेतलं. साताऱ्यातल्याच एका दुकानात, ११,५०० रुपये मोजून. “प्युअर सिरॅमिक आहे, जन्मात ओरखडा पडणार नाही,” असं दुकानदारानं दोनदा सांगितलं.

तीन महिने झाले नाहीत तोच, पट्टा अडकतो तिथल्या कोपऱ्यांवरचं काळं उडालं आणि खालून तांबूस धातू दिसायला लागला. नानांना वाटलं आपल्याच हातून काहीतरी झालं. ते घड्याळ बाहीखाली लपवत होते, हे मला फार लागलं.

राजवाड्याजवळच्या घड्याळजींनी भिंग लावून पाठीवरची बारीक अक्षरं वाचून दाखवली: ‘बेस मेटल बेझल, स्टेनलेस स्टील बॅक’. म्हणजे स्टीलचं फक्त मागचं झाकण. बाकी, काचेभोवतीची कडी म्हणजे बेझल धरून, हलका मिश्रधातू, त्यावर तांब्याचा थर आणि वर काळा मुलामा. हे घड्याळावरच कोरलेलं होतं, मी उलटं करून पाहिलं नाही.

मी एमआयडीसीत सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कातकामाच्या यंत्रावर, काम करतो. आमच्या इन्सर्टवरचं (धातू कापणाऱ्या छोट्या पात्यांवरचं) सोनेरी टायटॅनियम नायट्राइड हे बऱ्याचदा पीव्हीडी कोटिंगच (वाफेतून चढवलेला पातळ थर) असतं. काळ्या घड्याळांवरही तसंच, निर्वात पेटीत चढवलेलं, काही मायक्रॉनचं. थर कडक असतो, पण खालचं स्टील मऊ. जोरात आपटलं की स्टील दबतं आणि वरचा थर फुटतो. डीएलसी, म्हणजे हिऱ्यासारख्या कडक कार्बनचा थर, त्याहून चिवट, दिसायला किंचित राखाडी झाक असलेलं. नीट केलेलं असेल तर वर्षानुवर्षं टिकतं. त्याला मी फसवणूक म्हणणार नाही, फक्त ते सिरॅमिक नव्हे.

खरं सिरॅमिक म्हणजे झिर्कोनियाची (झिर्कोनियम ऑक्साइडची) पूड दाबून भट्टीत भाजलेली. आरपार काळं, त्यामुळे उडायला रंगच नसतो. कडकपणा साधारण १२०० विकर्स (कडकपणा मोजायचं माप), घड्याळाच्या ३१६एल स्टीलचा जेमतेम २०० च्या आसपास. पॉलिश केलेलं असेल तर काचेसारखी खोल चकाकी येते. पण फरशीवर पडलं तर टवका उडतो, प्रसंगी तडाही जातो, आणि केस, म्हणजे घड्याळाचा बाहेरचा सांगाडा, बदलण्याचा खर्च मोठा असतो. हे खरा विक्रेता आधी सांगतो. आमच्या दुकानदारानं ते सांगितलं नाही, तिथेच मला शंका यायला हवी होती.

परत गेलो तर म्हणाला, “बिलावर सिरॅमिक कुठं लिहिलंय?” बिलावर होतं ‘रिस्ट वॉच ब्लॅक’, बस्स. तुम्ही घ्याल तेव्हा केस कशाची आहे ते बिलात लिहून मागा. टाळाटाळ झाली तर पैसे देऊ नका. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पण तोंडी बोलण्याला माझ्याकडे पुरावा नाही.

ते घड्याळ आता बिलासकट माझ्या कपाटात आहे. नानांच्या मनगटावर पुन्हा त्यांचं जुनं चावीचं एचएमटी आलंय.